फ्रँकफर्टमधील फ्रोबेनियस फेरी : साडेतीन तास, चोवीस युरो आणि तीन काड्या

लेओ फ्रोबेनियस या जर्मन मानववंशशास्त्रज्ञाच्या आयुष्यावर बेतलेली एक पायी फेरी फ्रँकफर्टमध्ये महिन्यातून एका शनिवारी निघते. इंग्रजीतून होणारी, साडेतीन तासांची आणि माणशी चोवीस युरो शुल्क असलेली ही फेरी मी गेल्या महिन्यात केली. ती चालवणारा उपक्रम दोन-तीन माणसांच्या हौसेवर उभा आहे आणि पुढे तक्रारीचे काही मुद्दे येणार आहेत, म्हणून त्याचे आणि मार्गदर्शिकेचे नाव मी येथे देत नाही. ज्यांना जायचे असेल त्यांनी विचारावे, कळवीन. येथे राहणाऱ्या किंवा कामानिमित्त चार दिवस येणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणाला ही दुपार खर्च करावीशी वाटलीच, तर तिच्यात काय हाती लागते आणि काय निसटते, एवढे सांगणे हा या मजकुराचा हेतू आहे.

फ्रोबेनियस (१८७३–१९३८) हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. १९०४ ते १९३५ या काळात त्याने आफ्रिकेत बारा मोहिमा काढल्या. आफ्रिकेला इतिहासच नाही, असे युरोपात सर्रास बोलले आणि छापले जात असताना तिला इतिहास आहे, राज्ये आहेत, वीरगाथा आहेत, असे ठणकावून सांगणारा हा माणूस. आणि आजच्या नायजेरियातील इफे नगरातल्या मूर्ती पाहिल्यावर त्या तिथल्या लोकांच्या पूर्वजांनी घडवल्याच नसाव्यात, असा निष्कर्ष काढणाराही हाच माणूस. त्याच्यावर फेरी काढायची म्हणजे या दोन्ही गोष्टी एका दुपारीत बसवायच्या, आणि ते सोपे काम नाही. ही फेरी ते काम अर्धेच करते, परंतु ज्या अर्ध्यात तिचा जीव आहे तो अर्धा फार चांगला आहे.

सुरुवात होते ती ग्रोसे एशेनहाइमर श्ट्रासेवरील थुर्न उंड टाक्सिस राजवाड्यासमोर. बोलावण्याच्या संदेशात ‘राजवाड्याच्या दाराशी’ एवढेच लिहिलेले होते, आणि त्या वास्तूला दारे एकाहून अधिक असल्यामुळे आम्ही अकरा जण दोन ठिकाणी विभागून पंधरा मिनिटे एकमेकांची वाट पाहत उभे होतो. ठिकाणाची निवड मात्र अचूक आहे. १७३० च्या दशकात बांधलेल्या या राजवाड्यात १८१६ ते १८६६ पर्यंत जर्मन संघराज्याची सभा भरत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे शहराचे मानववंश संग्रहालय आले. आणि १९२५ मध्ये फ्रोबेनियस आपले सारे दफ्तर, चित्रे आणि माणसे घेऊन म्यूनिकहून याच वास्तूत दाखल झाला. १९४४ च्या बॉम्बवर्षावात ती उद्ध्वस्त झाली. आज समोर दिसतो तो या शतकात नव्याने उभारलेला, मूळ वास्तूपेक्षा आखूड असा राजवाडा, आणि त्याला खेटून मायझाइल हे काचेचे खरेदी संकुल. हातात पिशव्या घेतलेली माणसे आमच्या घोळक्यातून वाट काढत जात होती आणि मार्गदर्शिका जुन्या इमारतीचे छायाचित्र दोन्ही हातांनी उंच धरून उभी होती. ज्याच्याविषयी ऐकायला आलो त्याची खोली, टेबल, खिडकी यांतले काहीही शिल्लक नाही, हे पहिल्याच थांब्यावर उघडपणे सांगितले गेले, आणि मला ते आवडले.

चरित्राचा पहिला भाग तिने येथेच उरकला. फ्रोबेनियस जन्माने बर्लिनचा. वडील प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी, आजोबा हाइनरिश बोडिनुस हे बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक. शाळेची शेवटची परीक्षा त्याने दिली नाही, ब्रेमेनमध्ये व्यापाराची उमेदवारी केली, निरनिराळ्या संग्रहालयांत पडेल ते काम केले, आणि पुढे लिहिलेला प्रबंध विद्यापीठाने नाकारला. विद्यापीठाविषयीची अढी आणि विद्यापीठाने आपल्याला मानावे ही आस या दोन्ही त्याच्या मनात जन्मभर राहिल्या असाव्यात, असे मला ऐकताना वाटत होते. फ्रँकफर्ट विद्यापीठाने त्याला मानद प्राध्यापक केले ते १९३२ साली, म्हणजे वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी.

आफ्रिकेत पाऊल ठेवण्याआधीच, १८९८ मध्ये, त्याने बर्लिनमध्ये ‘आफ्रिका दफ्तर’ सुरू केले होते. प्रवासवर्णनांतली टिपणे, चित्रे, संग्रहालयांतल्या वस्तूंची रेखाटने हे सारे विषयवार लावून ठेवायचे आणि त्यांवरून नकाशे करायचे, हे त्याचे काम. धनुष्याची दोरी कशी बांधतात, ढाल कशाची करतात, घराचे छप्पर कोणत्या आकाराचे असते, मुखवटे कुठे आढळतात, अशा गोष्टी नकाशावर मांडल्या की काही गोष्टी नेहमी एकमेकींच्या सोबतीने आढळतात, असे त्याच्या ध्यानात आले, आणि त्या सोबतीला त्याने ‘कुल्टुरक्राइस’ म्हणजे संस्कृतिवर्तुळ असे नाव दिले. मार्गदर्शिकेने हे समजावून सांगताना वेळ घेतला आणि तो सार्थकी लागला. एक गोष्ट तिने सांगितली नाही, ती मराठी वाचकासाठी सांगायला हवी. त्या काळच्या जर्मनीत माणसांच्या अभ्यासाच्या दोन वेगळ्या वाटा होत्या. एक शरीराची आणि कवट्यांच्या मापांची. १९२७ ते १९३० या काळात इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशरच्या हाताखाली काम करत होत्या ती ही वाट, आणि त्यांच्या मापांनी गुरूच्या वंशविषयक गृहीतकाला दुजोरा दिला नाही, हेही आता प्रसिद्ध आहे. दुसरी वाट वस्तूंची, कथांची आणि चालीरीतींची, आणि फ्रोबेनियस या दुसऱ्या वाटेचा. तो वंशापेक्षा संस्कृतीविषयी बोलतो, हा फरक ध्यानात घेतला नाही तर पुढे आफ्रिकी लेखकांनी त्याला का वाचले याचा उलगडा होत नाही.

यानंतर तिने खिशातून काड्यापेटी काढली. फ्रोबेनियसने सांगितलेला एक प्रसंग असा आहे की, एक प्राध्यापक लिहीत बसलेला असताना त्याची चार वर्षांची मुलगी त्रास देत होती म्हणून त्याने तिला जळलेल्या तीन काड्या खेळायला दिल्या. मुलगी गालिच्यावर बसून एका काडीला हेन्झेल, दुसरीला ग्रेटेल (जर्मन परीकथेतली भावंडे) आणि तिसरीला त्याच कथेतली चेटकीण मानून खेळू लागली. बऱ्याच वेळाने ती किंचाळत बापाकडे धावली आणि ‘त्या चेटकिणीला घेऊन जा, मला तिला हात लावायची भीती वाटते’ म्हणून रडू लागली. मार्गदर्शिकेने तीन काड्या पेटवून विझवल्या, फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि काही न बोलता आमच्याकडे पाहत राहिली. फ्रोबेनियसच्या मते संस्कृतीची सुरुवात या अशा क्षणात असते: माणूस संस्कृती घडवत नाही, एखादी गोष्ट माणसाला धरते आणि मग त्यातून विधी, कथा, चित्रे जन्माला येतात. जर्मनमध्ये यासाठी त्याने वापरलेल्या शब्दाला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही म्हणून ती अडखळत होती. मराठीत मात्र ‘झपाटणे’ हा शब्द तयारच आहे, आणि तो तीनही काड्यांना पुरून उरतो. संस्कृती हा जणू सजीव असून तिला बालपण, तारुण्य आणि म्हातारपण असते, हा त्याचा पुढचा विचार, आणि तिच्या आत्म्याला त्याने दिलेले नाव ‘पायडॉयमा’. या कल्पनेला आज कोणी शास्त्र म्हणणार नाही. त्या नावाचे नियतकालिक मात्र १९३८ पासून निघते आहे.

राजवाड्यापासून माइन नदी ओलांडून शाउमाइनकायपर्यंतची चाल वीस-पंचवीस मिनिटांची आहे. दुसरा थांबा तेथील वेल्टकुल्टुरेन संग्रहालयाच्या समोर, नदीकाठच्या प्लेन वृक्षांखाली. संग्रहालयाच्या तीन जुन्या बंगल्यांपैकी एकातही फेरी आत जात नाही, आणि हे नोंदणी करताना स्पष्ट लिहिलेले नसते, ही माझी पहिली खरी तक्रार. दुसरी अशी की, आम्ही गेलो त्या शनिवारी काठावर जुन्या वस्तूंचा बाजार भरलेला होता; कानात घालायला दिलेल्या यंत्रांपैकी माझे आणि आणखी एकाचे यंत्र मधूनच मुके होत होते, आणि इफेसारखा नाजूक विषय आम्ही सायकलींच्या घंटा आणि घासाघीस यांच्यामधून ऐकला.

इफेच्या प्रकरणातच ही फेरी सर्वांत कमी पडते. घटना अशी आहे. १९१० च्या अखेरीस फ्रोबेनियस आजच्या नायजेरियातील इफे या योरुबा लोकांच्या पवित्र नगरात पोहोचला. ओलोकुन या देवतेच्या देवराईतून त्याला पितळी मस्तक दाखवले गेले, ते त्याने सहा पौंडांत विकत घेतले असे त्याचे म्हणणे, आणि त्याच्या माणसांनी भाजलेल्या मातीची काही मस्तकेही मिळवली. स्थानिक लोकांनी तक्रार केल्यावर ब्रिटिश अधिकारी चार्ल्स पार्ट्रिज याने चौकशी चालवली आणि पितळी मस्तक परत करायला लावले. मातीची काही मस्तके मात्र बर्लिनला पोहोचली. परत केलेल्या मस्तकाचे पुढे असे झाले की, १९४० च्या दशकाच्या शेवटी तज्ज्ञांनी ते अलीकडचे ओतकाम असल्याचे सांगितले आणि संशयाची सुई फ्रोबेनियसकडेही वळली. नंतरच्या तपासण्यांवरून ते मूळचेच असावे, असे मत आता पुढे आले आहे.

मार्गदर्शिकेने हा सारा भाग एखाद्या साहसकथेसारखा सांगितला: रात्रीचे खोदकाम, संतापलेला इंग्रज साहेब, हातातून गेलेला ठेवा. त्यापुढचे, म्हणजे फ्रोबेनियसने त्या मूर्तींवरून काय अनुमान काढले, ते तिने हसत हसत दोन वाक्यांत मिटवले. त्याला त्या चेहऱ्यांत ग्रीकांसारखी प्रमाणबद्धता दिसली, आणि म्हणून प्लेटोने वर्णन केलेला बुडालेला अटलांटिस येथेच होता आणि ओलोकुन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, असे त्याने जाहीर केले. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रापर्यंत ही बातमी गेली. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण या अनुमानाचा सरळ अर्थ असा होतो की समोर उभ्या असलेल्या योरुबा माणसाचा त्या कलेशी काही संबंध नाही. नायजेरियन लेखक वोले सोयिंका यांनी १९८६ च्या नोबेल व्याख्यानात फ्रोबेनियसचा नेमका तोच उतारा उद्धृत केला, ज्यात एवढ्या सौंदर्याचे वारस म्हणून ही क्षीण आणि मंदबुद्धी प्रजा उरावी याबद्दल तो खेद व्यक्त करतो. सोयिंका यांचे नावही फेरीत निघाले नाही.

ही उणीव आमच्यातल्याच एका बाईंनी भरून काढली. त्या मूळच्या नायजेरियाच्या आणि येथे एका रुग्णालयात परिचारिका. ‘पोसायडन’ हा शब्द आला तेव्हा त्यांनी हात वर केला आणि शांतपणे सांगितले की ओलोकुन हे नाव कुणाला विचारायचीही गरज नाही, ते स्वतःच बोलते: ‘ओकुन’ म्हणजे समुद्र आणि ‘ओलो’ म्हणजे धनी. मग त्यांनी ते नाव योग्य चढउतारांसह तीनदा म्हणून दाखवले आणि आमच्याकडून म्हणवून घेतले. आमच्यातल्या एकालाही ते नीट जमले नाही. त्यांचा पुढचा प्रश्न होता, ज्याने ते मस्तक विकले म्हणतात, त्या माणसाला ते विकण्याचा अधिकार होता का? मार्गदर्शिका म्हणाली, ‘प्रश्न चांगला आहे,’ आणि घड्याळाकडे पाहिले. चोवीस युरोंत इतके तरी मिळायला हवे होते की १९३८ च्या जानेवारीत, फ्रोबेनियसच्या मृत्यूच्या काही महिने आधी, इफेमध्येच वुनमोनिजे येथे घराच्या पायासाठी खणताना आणखी डझनाहून अधिक पितळी मस्तके निघाली, ती साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकांतली इफेच्याच कारागिरांची ठरली, आणि अटलांटिसचा तेथे काही प्रश्नच उरला नाही. २०२२ मध्ये जर्मनीने आजच्या नायजेरियातल्याच बेनिन या जुन्या राज्याच्या ब्राँझ वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवली, हे तर गेल्या काही वर्षांतले ताजे प्रकरण; बेनिन आणि इफे वेगळे असले तरी संग्रहालयाच्या दारात उभे राहून त्याचा उल्लेखही होऊ नये, हे मला खटकले.

भाषेचा मुद्दा त्या बाईंमुळे निघाला म्हणून येथेच सांगतो. फ्रोबेनियस बहुतेक ठिकाणी दुभाष्यांवर अवलंबून असे आणि एका प्रदेशात काही आठवडे-महिने घालवून पुढे सरके. महाराष्ट्राला जर्मन अभ्यासक म्हटले की ग्युंटर सोंथायमर आठवतात. धनगरांच्या वाड्यांवर जाऊन, त्यांच्या ओव्या त्यांच्याच तोंडून मराठीत ऐकून, खंडोबा आणि बिरोबा समजून घेणारा माणूस. ती सवय डोक्यात असलेल्या वाचकाला फ्रोबेनियसची घाई बोचते. या घाईतूनही त्याने जे जमवले ते मात्र थोडेथोडके नव्हे. १९०४ ते १९०६ मधल्या पहिल्या मोहिमेत कसाई नदीच्या खोऱ्यातून, म्हणजे बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या रबराच्या जुलमाखाली भरडल्या जाणाऱ्या काँगोतून, त्याने हजारो वस्तू जर्मन संग्रहालयांसाठी आणल्या. आणि पुढच्या मोहिमांतून गोळा केलेल्या लोककथांचे बारा खंड १९२० च्या दशकात प्रसिद्ध केले.

त्या कथांपैकी एक मार्गदर्शिकेने नदीकाठच्या बाकावर बसून सांगितली, आणि ती ज्या पद्धतीने सांगितली त्यासाठी मी तिला इफेबद्दल बरीच माफी द्यायला तयार आहे. सोनिंके लोकांच्या वगादू राज्याची ही गाथा. राजपुत्र गासिरे म्हातारा होत आला तरी त्याचा बाप मरत नाही आणि राज्य मिळत नाही. एक जाणता म्हातारा त्याला सांगतो की तुझ्या हाती ढाल-तलवार येणार नाही, वाद्य येईल, आणि तुझ्यामुळे वगादू नाहीसे होईल. गासिरे लोहाराकडून तंतुवाद्य करून घेतो, पण ते वाजत नाही. लोहार म्हणतो, हे लाकूड आहे, याला काळीज नाही; ते तू द्यायचे आहेस, याने तुझ्या मुलांचे रक्त प्यायला हवे. मग रोज एकेक मुलगा लढाईत पडतो, रोज एकेक कलेवर गासिरे खांद्यावरून आणतो, रक्त वाद्यावर ठिबकते, आणि सात मुलगे गेले तरी वाद्य गप्पच. अखेर लोक त्याला हाकलून देतात, उरलेला धाकटा मुलगा आणि थोडी माणसे घेऊन तो वाळवंटात जातो, आणि एका रात्री सारे झोपलेले असताना वाद्य आपोआप गाऊ लागते. त्याच क्षणी बाप मरतो आणि वगादू पहिल्यांदा हरवते. शेजारच्या बाजारातला गोंगाट तेवढी दहा मिनिटे मला ऐकू आला नाही. ही गाथा वाचून कवी एझरा पाउंडने वगादू आपल्या दीर्घकाव्यात आणले, हे एका ओळीत सांगून ती उठली. सांगणाऱ्या मूळ गायकांविषयी काहीच न बोलता उठली, हेही खरे.

पहिल्या महायुद्धातला फ्रोबेनियस या फेरीत जवळजवळ नाहीच. १९१५ मध्ये कैसरच्या सरकारने त्याला इथिओपियाला जर्मनीच्या बाजूला वळवण्याच्या गुप्त कामगिरीवर पाठवले आणि इटालियनांनी त्याला एरिट्रियातूनच परत धाडले, एवढे सांगितले जाते, कारण त्यात गंमत आहे. बर्लिनजवळच्या व्यून्सडोर्फ येथील युद्धकैद्यांच्या छावणीशी असलेला त्याचा संबंध मात्र गाळला जातो. त्या छावणीत फ्रेंच सैन्यातले आफ्रिकी आणि ब्रिटिश सैन्यातले हिंदी सैनिक ठेवलेले होते. शत्रूच्या फौजांतल्या या निरनिराळ्या लोकांना सर्कशीची उपमा देणारे चित्रमय पुस्तक फ्रोबेनियसने युद्धकाळात काढले. आफ्रिकेच्या थोरवीचा प्रचारक आणि ही सर्कस दाखवणारा एकच. पदच्युत होऊन नेदरलँड्समधील डोर्न येथे राहणाऱ्या कैसर दुसऱ्या विल्हेल्मशी त्याची मैत्री पुढेही टिकून होती. फेरीतल्या भारतीयांना यातले निदान व्यून्सडोर्फ सांगायला हवे होते.

तिसऱ्या थांब्यासाठी श्वाइत्सर प्लात्झहून भुयारी रेल्वे पकडून होल्त्सहाउसेनश्ट्रासे स्थानकावर उतरावे लागते. तिकीट शुल्कात धरलेले नाही. ज्यांच्याकडे मासिक पास नाही त्यांनी सुटे पैसे ठेवावेत. तेथून काही मिनिटांवर आय. जी. फार्बेन इमारत. हान्स पोएल्त्सिगने १९२८ ते १९३१ मध्ये बांधलेले रसायन उद्योगाचे हे अवाढव्य मुख्यालय. युद्धानंतर अमेरिकी सैन्याचे ठाणे, आयझेनहॉवरची कचेरी. आणि २००१ पासून फ्रँकफर्ट विद्यापीठाचा भाग. फ्रोबेनियसने या इमारतीत कधी काम केले नाही, परंतु १९४६ पासून त्याचे नाव धारण करणारी संस्था आज येथे आहे. चौकाला नॉर्बर्ट वोलहाइमचे नाव दिलेले आहे. आउशवित्स-मोनोवित्स छावणीतून वाचलेल्या आणि आय. जी. फार्बेनवर खटला भरणाऱ्या माणसाचे. इमारतीत पॅटर्नॉस्टर म्हणजे दार नसलेला, न थांबता फिरत राहणारा लिफ्टचा पाळणा अजून चालू आहे, आणि त्यात पाऊल टाकताना दोन प्रौढ गृहस्थ लहान मुलांसारखे बिचकलेले मी पाहिले. फेरीचा या पाळण्याशी काही संबंध नाही. मात्र तेवढ्यासाठी पाच मिनिटे उशीर झाला तरी कुणी कुरकुर केली नाही.

शेवटची चाळीस मिनिटे शेजारच्या ग्र्युनेबुर्ग उद्यानातली. मार्गदर्शिकेने पाठीवरच्या नळकांड्यातून एक गुंडाळलेले कापड काढले, चौघांच्या मदतीने गवतावर अंथरले, आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती उकिडवे बसलो. झिंबाब्वेमधील मुतोको येथील गुहेतल्या चित्रांच्या नकलेची ती छापील प्रत होती: हत्तींच्या फिकट आकृत्या, त्यांच्यावरून धावणारी काडीसारखी माणसे, त्यांच्यावरून पुन्हा हरणे, एकावर एक रंगवलेले चार-पाच काळ. मूळ नक्कल जमिनीवर मावली नसती. फ्रोबेनियसच्या संस्थेतल्या काही नकला अडीच मीटर उंच आणि दहा मीटर लांब आहेत, कारण चित्र खडकावर जेवढे आहे तेवढेच कापडावर उतरवायचे, असा नियम होता.

या नकला त्याने स्वतः काढल्या नाहीत. एलिझाबेथ मान्सफेल्ड, मारिया वायर्सबेर्ग, आग्नेस शुल्त्स, एलिझाबेथ शार्लोट पाउली, कॅथरिना मार अशा चित्रकार स्त्रिया आणि योआखिम लुत्स यांसारखे काही पुरुष यांनी ते काम केले. १९२८ ते १९३० च्या दक्षिण आफ्रिका मोहिमेत यांपैकी अनेक जणी महिनोन्‌महिने तंबूत राहून शिडीवर, कधी पाठीवर पडून, गुहेच्या छतावरची रेष न रेष उतरवत होत्या. खडकाचा पापुद्रा निघालेला असेल तर तोही रंगवायचा, डाग असेल तर डाग. गवतावरच्या कापडावर मार्गदर्शिकेने बोट ठेवून दाखवले की हत्तीच्या पोटावरून एक पांढुरकी ओघळ खाली आली आहे. ते पाण्याने धुपलेले दगडाचे अंग आहे, आणि चित्रकर्तीने ते हत्तीइतक्याच काळजीने रंगवले आहे. परिचारिका बाई बराच वेळ त्या ओघळीकडे पाहत होत्या.

त्याच मोहिमेतून फ्रोबेनियस दक्षिण भारत आणि सिलोनलाही जाऊन आला होता, कारण झिंबाब्वेमधले राजविधी आणि हिंदी महासागरापलीकडच्या संस्कृती यांत त्याला नाते दिसत होते. गुहाचित्रांतही त्याला राजांची अंत्यविधीची दृश्ये दिसली. आज अभ्यासक ती चित्रे फार पूर्वीच्या शिकारी जमातींची मानतात आणि त्यांत राजेरजवाडे शोधत नाहीत. म्हणजे चित्राखाली फ्रोबेनियसने लिहिलेली ओळ गेली आणि चित्र राहिले. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने या नकलांचे मोठे प्रदर्शन भरवले, आणि तेथील भिंतींवर त्या आधुनिक चित्रकारांच्या शेजारी जाऊन बसल्या. मूळ चित्रांपैकी काही आता धूर, पाणी आणि माणसांचे हात यांनी पुसट झाली आहेत, त्यामुळे अभ्यासकांना या नकलांकडेच परत यावे लागते. माझ्या मते संपूर्ण फेरी येथून सुरू व्हायला हवी आणि अटलांटिसची कथा त्यानंतर यावी.

निरोप घेताना प्रत्येकाला एक छापील पान मिळते. त्यावर लेओपोल्ड सेदार सेंघोर आणि एमे सेझेर यांच्याविषयी दोन परिच्छेद आहेत: १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये शिकणाऱ्या या दोन कृष्णवर्णीय तरुणांनी फ्रोबेनियसच्या आफ्रिकेच्या सांस्कृतिक इतिहासाचा १९३६ चा फ्रेंच अनुवाद वाचला, आणि आफ्रिकी माणूस हाडामासापर्यंत सुसंस्कृत होता, हे एका युरोपियनाने लिहिलेले वाचून त्यांना स्वतःच्या वारशाकडे पाहण्याचे बळ मिळाले. सेंघोर पुढे सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी हे ऋण वारंवार सांगितले. पानावर याच्या पुढे काही नाही. मालीचे कादंबरीकार यांबो उओलोगेम यांनी १९६८ मध्ये ‘श्रोबेनियस’ नावाचा एक जर्मन संशोधक रंगवून त्याची यथेच्छ टर उडवली, हे त्या पानाच्या कोऱ्या मागच्या बाजूवर सहज मावले असते.

व्यावहारिक बाबी थोडक्यात सांगायच्या तर, फेरीत साधारण चार किलोमीटर चालणे होते. मध्ये स्वच्छतागृह फक्त विद्यापीठात आहे. शुल्क आगाऊ आणि कार्डानेच भरावे लागते. वृद्धांना जमेल, परंतु गवतावर बसणे टाळता येणार नाही. कानातली यंत्रे सुरुवातीलाच तपासून घ्यावीत. इंग्रजी स्वच्छ आहे, आणि प्रश्न विचारलेले चालतात, उत्तर मिळेलच असे नाही. पावसाळी हवेत आणि नोव्हेंबर ते मार्चमध्ये शेवटचा थांबा इमारतीच्या ओवरीत होतो आणि तेथे कापड अंथरता येत नाही, असे तिनेच सांगितले. त्या महिन्यांत मी जाणार नाही, कारण ते कापड पाहायला मिळणार नसेल तर चोवीस युरो भरण्याचे मला काही कारण दिसत नाही.